एक ग्रॅम

अठ्ठावन्न वाघिणींची रेक कोराडीच्या यार्डात लागते
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.
मी फावडं घेते, टॉर्च घेते,
पिशव्यांवर खडूनं नंबर घालते.
मे महिना. वाघिणीच्या लोखंडाला हात लावला
तर अजून दुपार सापडते.

एवढ्या डोंगरातून मला लागतो एक ग्रॅम.
फोडायचं, चाळायचं, ढिगाचे चार भाग करायचे,
समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे,
उरल्याचे पुन्हा चार, पुन्हा दोन,
शेवटी काजळाएवढी पूड
श्वास रोखून मुशीत तोलायची.
तेवढ्यावर ठरतो चार हजार टनांचा भाव.
शितावरून भात म्हणतात, ते हेच.

ओलावा : एकशे आठ अंशांवर एक तास.
राख : आठशे पंधरा.
मग पोलादी भांड्यात प्राणवायू कोंडून
सुती दोऱ्याची वात लावते,
भांडं पाण्यात बुडवते, बटण दाबते.
आवाज येत नाही.
फक्त पाणी दोन अंशांनी चढतं,
बाळाच्या आंघोळीआधी आई कोपर बुडवून पाहते
एवढासाच फरक.
त्याला मी गुणत जाते,
गुणत नेते बॉयलरपर्यंत, टर्बाइनपर्यंत,
सीताबर्डीतल्या रसवंतीच्या चरकापर्यंत,
मेयोतल्या त्या काचेच्या पेटीपर्यंत
जिथं कुणाची तरी अपुऱ्या दिवसांची मुलगी
मूठ आवळून निजलीय.

धुर्वे अंबाझरीला बसतो, विजेचा भार वाटायला.
त्याच्या पडद्यावर सगळे शेजारी शेजारी :
तोतलाडोहचं पाणी, तारापूरचं युरेनियम,
महाग म्हणून झोपवून ठेवलेला गॅस,
साताऱ्याच्या पठारावरचा वारा,
जो येतो तेव्हा सांगून येत नाही.
साडेसहाला सूर्य दप्तर आवरून निघतो
आणि नेमके तेव्हाच शहरभर कूलर घरघरतात.
मग धुर्वे कोराडीला फोन लावतो.
"चढवा," एवढंच म्हणतो.

एकदा चहा पिताना त्याला विचारलं,
माझ्या घरच्या बल्बमध्ये यातलं नेमकं कोण पेटतं रे?
म्हणाला, तारेत शिरल्यावर
विजेला आडनाव राहत नाही, गजभिये मॅडम.
दोघंही जरा जास्तच हसलो.

घरावर संघपालनं सहा पॅनल बसवले.
आईच्या कुरडयांची जागा गेली,
दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.
आणि गंमत बघा, सत्तेचाळीस अंशांत
पॅनलच मलूल होतं.
त्याला ऊन हवं, ताप नको.
नागपुरात हे सुटं सुटं मिळत नाही.

संघपाल बाबांना समजावत होता,
कोळसा म्हणजे जुनं ऊनच होय बाबा,
कोट्यवधी वर्षं जमिनीत दाबलेलं.
बाबांनी पान थुंकलं.
"तीस वर्षं खाली होतो बाप्पा,
मले तं नाही दिसलं."

सकाळी ड्यूटीवरून परतते
तेव्हा ते शिडी चढून वर गेलेले असतात.
बादली, आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं.
रात्रभर चिमणीतून आलेलं
काचेवर बसलेलं असतं, चाळणीतून पडल्यासारखं.
मी ओळखते त्याला : शेकडा अडतीस.
परवा मीच लिहिलंय.

बाबा बोट फिरवतात, बोट नाकाशी नेतात.
"सिलेवाड्याचा नाही हा," म्हणतात.
"उमरेडकडचा."
वहीत तेच होतं.
मी काही बोलत नाही, शिडी धरून उभी राहते.

खालून आई विचारते, मोटर लावू का?
"थांब वं," ते वरून ओरडतात,
"एक राहिलं अजून."