बाजू दुसरी

त्या बँडचं नाव सांगितलं तर तुम्ही लगेच मान डोलवाल
आणि भलतीच रेकॉर्ड आठवाल.
ती नाही. तिच्यानंतरची.
कव्हरवर नुसतं नांगरलेलं शेत, शेतात एक लोखंडी कॉट.
विलायतेतही म्हणे दुकानदारांनी निम्म्या किमतीत काढली.

भुसावळला ती आली सत्त्याहत्तरच्या एप्रिलात,
पंधरा बंगल्यातल्या नॉर्मन डिक्रूझकडे, पर्थच्या मावशीच्या ट्रंकेतून.
बाप मेल ड्रायव्हर. पोरगा शौकीन.
एकदा वाजवली त्यानं, तोंड वाकडं केलं,
आणि केळीच्या दोन फण्यांवर मला देऊन टाकली.

माझ्याकडे कोरी कॅसेट नव्हती.
एकच होती, ताईच्या लग्नातली.
मंगलाष्टकं पुसली असती तर घरात राहिलो नसतो.
म्हणून उरलेल्या जागेत भरली,
आणि शेवटचं गाणं ऐन रंगात तुटून
थेट 'सावधान'मध्ये शिरलं.

मे महिन्यात, पत्र्याच्या घरात,
रेकॉर्ड उन्हानं वाटीसारखी झाली.
आईनं तिच्यात सांडगे ठेवले.
मी काही बोललो नाही.

कॅसेट ऐकणारे दोघेच. मी आणि सावद्याचा प्रल्हाद फेगडे,
दिवसा वाघिणींत केळीचे घड भरणारा,
लग्नसराईत गावच्या बँडमध्ये बेंजो वाजवणारा.
बँड म्हणजे त्याच्या लेखी
सोनेरी झालरीचे कोट आणि ढकलायचा जनरेटर.
म्हणाला, यायचा ढोलवाला चांगला आहे, घाई नाही करत.
खरंच. मालगाडी सुटताना
एकेक डबा पुढच्याला ओढतो, तसा
ठोका यायचा, मागून, जड,
आणि तुमच्यापाशी पोचेपर्यंत इंजिन पूल ओलांडून गेलेलं असायचं.

शब्द कळत नव्हते.
फेगडे म्हणायचा, हा रात्रपाळीच्या लाइटीची वाट पाहू ऱ्हायला,
मोटर सुरू झाली की दारं धरायला जाईल.
आता वाचून कळलं, तो समुद्राबद्दल म्हणत होता.
फार फरक नाही.

तुटलेला शेवट फेगड्याला सोसला नाही.
त्यानं तो बेंजोवर केला,
यार्डाच्या भिंतीपाशी, सहा-सात रात्री,
शंटिंगच्या धडधडीतून सूर वेचत.
वर चढायचा, थांबायचा,
मग पायरी चुकल्यासारखा एकदम खाली.
नवरदेवाचं घोडं मांडवापाशी वळायचं
तेव्हा तो हेच वाजवायचा.
फैजपूर, रावेर, यावल,
कितीक जोडपी त्या शेवटावर बोहल्यावर चढली.
कुणी विचारलं नाही कुठलं आहे.

परवा भाच्यानं मोबाइलवर लावून दिलं. पूर्ण.
मी फेगड्याला फोन केला नाही, सरळ सावद्याला गेलो.
तो ओट्यावर शेवग्याच्या शेंगा सोलत होता,
बोटं आता थरथरतात.
फोन त्याच्या कानाला धरला.
आठव्या मिनिटाला ती जागा आली
जिथं आमच्याकडे ताईचं लग्न लागतं.
लागलं नाही. गाणं पुढे गेलं.
तेच तेच वाजवत राहिले दीड मिनिट,
मग कुणीतरी आवाज हळूहळू बारीक करत नेला,
कंदिलाची वात उतरवतात तसा.
संपलं.

फेगडे बराच वेळ फोनकडे पाहत होता.
"अरे भो," म्हणाला, "यायले तं शेवटच सापडला नाही."

मग हातातली शेंग ताटलीत टाकून
ओट्याच्या कडेवर एका बोटानं त्यानं वाजवून दाखवलं.
वर. थांब.
खाली येताना बोट चुकलं.
पुन्हा केलं.
आतून सुनेनं विचारलं, दारावर कोण आहे?