तलकावेरी, एक सत्तावीस

वेळ ठरलीय : रात्री एक वाजून सत्तावीस.
धुक्यात छत्र्या, उंचावलेल्या माना.
कुंड मात्र परातीएवढं.

देचव्वाच्या निऱ्या पाठीमागे.
"नदीनंच ढकलल्या," म्हणते,
"अडवायला गेलेल्या बायकांच्या.
मग पुढं कुणी आणल्याच नाहीत."

एकाएकी ओरडा. बुडबुडे आले म्हणे.
मला दिसलं पुढच्याचं टक्कल, ओलं.

तिनं कॅन भरला,
झाकण दोनदा तपासलं.
घरी उत्तय्या, आठ दिवस
पेजेचा घोटही उतरत नाही.
हे पाणी कशासाठी राखतात
ते मी विचारलं नाही.

उतरताना जीपमध्ये
कॅन तिच्या मांडीवर, तान्ह्यासारखा.
भागमंडलपर्यंत प्रत्येक वळणाला
आत नदी डचमळते,
कुठं जायचं हे अजून
न ठरलेली.