दुसरी ओळ

एनरिकच्या पासपोर्टसाठी दाखला हवा होता, एवढंच.
खिडकीतल्या मुलीने शिक्का मारला
आणि कागद पुढे सरकवताना जरा थांबली,
ज्याला अजून काही ठाऊक नाही
अशा माणसाकडे बघतात तशी.

रोमुलोच्या नावावर दोन विवाह.
पहिला बाकोलोडला, अकरा वर्षांपूर्वी.
दुसरा इलोइलोला.
दुसरी ओळ मी.

अ‍ॅटर्नी तिओदोरा बसतात बेकरीच्या माडीवर.
फायलींनाही तिथे पावाचा वास येतो.
चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
"हे लग्न मोडायचं नाहीये, बाळ.
हे झालंच नाही."

मग उठू मी? हात झटकून घरी जाऊ?

"बस. झालंच नाही,
असं न्यायाधीशाने म्हणायला हवं.
तोवर ते झालेलं आहे."

मी नऊ वर्षं मोजत होते.
नऊ वर्षांचे डबे, नऊ वर्षांच्या इस्त्र्या,
त्याच्या बोटीच्या तारखा लिहिलेली नऊ कॅलेंडरं,
मुळापासूनच शून्य.
शून्याला किती खर्च येतो?
"तीन हप्त्यांत दे," त्या म्हणाल्या.

पुढे त्या बोलत गेल्या, मी वहीत उतरवत गेले,
बाजाराची यादी लिहावी तशी.
फौजदारी केलीस तर सहा ते बारा वर्षं आत.
तो आत गेला तर पैसे कोण पाठवणार, तेही मनात धर.
घरात तुझा वाटा तू घातलेस तेवढाच.
पत्र्यांच्या पावत्या आहेत?
शिलाई मशीनच्या कमाईचा हिशेब?

पावत्या!
मी काय त्याच्याशी लग्न केलं
की सिमेंटच्या दुकानाशी?

आणि एनरिक?
त्यांनी चष्मा खाली ओढला, पुसला, पुन्हा लावला.
"कायद्यातला शब्द वाईट आहे," म्हणाल्या.
"आडनाव मात्र राहील.
जन्मदाखल्यावर बापाची सही आहे ना?"
आहे. निळ्या शाईची. हात थरथरला होता त्याचा.
मला तेव्हा वाटलं होतं, आनंदाने.

पहिल्या लग्नाची प्रमाणित प्रत हवी होती.
ती ऑफिसातूनही मिळते.
तरी मी फेरी पकडली.
तासाभराचं पाणी.
नऊ वर्षं त्याने मला
तासाभराच्या पाण्यापलीकडे जाऊ दिलं नव्हतं.
समुद्र लागतो तुला, म्हणायचा.
नाही लागला.

पुरिता गॅस सिलिंडरच्या वखारीत होती,
हाताला काळं, केसांत पेन्सिल.
मी नाव सांगितलं. तिने स्टूल पुसून दिलं.
रडायची तयारी करून आले होते मी,
भांडायचीही.
तिने विचारलं, "झोपेत अजून दात खातो?"
"खातो."
"हं," म्हणाली, आणि गिऱ्हाईकाला सुट्टे मोजून दिले.

मग बिस्किटाच्या डब्यातून तो कागद काढला,
घडीवर पिवळा पडलेला.
"ने. झेरॉक्स काढ, शिक्का मारून घे.
साक्षीला बोलावलंस तर येईन,
फक्त रविवार नको, रविवारी टेम्पो येतो."

मी उठले तेव्हा ती हसली, तोंड वाकडं करून.
"तुझं बरं आहे गं.
तुझं झालंच नाही.
माझं झालंय.
आणि ह्या देशात
झालेलं मोडायची सोय नाही."

परतीच्या फेरीत कुणी कोंबडा आणला होता,
टोपलीत, पाय बांधून.
फोन वाजला. रोमुलोचा मेसेज, कुठल्यातरी बंदरातून:
पैसे मिळाले का? एनरिकचे बूट घे.
मी लिहिलं, मिळाले.
मांडीवर त्याचं पहिलं लग्न, प्लास्टिकच्या पिशवीत.

आणि आठवलं, वकीलबाईंना एक विचारायचं राहिलं:
माणूस समुद्रावर असताना
समन्स नेमकं कुठे पोचवतात.