आईचा व्यवसाय

ओट्यावर तीन फोल्डर पडलेत आठवडाभर,
एकावर जॅमचा डाग.
खासगी शाळेला स्वतःचं तळं, चार घोडे,
आणि फी एवढी, की रसेलने आकडा
दोनदा वाचला, मग चष्मा पुसला.

चार्टरची सोडत परवा जिममध्ये झाली.
बिंगोच्या पिंजऱ्यातून चेंडू निघत राहिले.
इमोजेन प्रतीक्षायादीत एकसष्टावी.
शेजारची थिओडोरा आनंदाने ओरडली,
मग मला बघून हळूच खाली बसली.

उरली कोपऱ्यावरची, सरकारी.
तिच्यासाठीच तर हे घर घेतलं,
दीड लाख डॉलर जास्त मोजून.
आता सगळे म्हणतात, वर्गात सत्तावीस मुलं.
सत्तावीस!
माझ्या वर्गात चौतीस आहेत,
हायवेपलीकडे, अकरा मैलांवर,
जिथे हीटर दर शुक्रवारी रुसतो
आणि येसेनिया कोट घालूनच भागाकार करते.
तिच्या आईला मी गेल्याच महिन्यात म्हणाले,
काळजी नको, आपली शाळा चांगली आहे.
खोटं नव्हते बोलत.

रात्री खासगीचा फॉर्म भरायला बसले.
नाव. जन्मतारीख. ॲलर्जी: शेंगदाणे.
आईचा व्यवसाय.
"लिही की," रसेल म्हणाला, "शिक्षिका म्हटलं की खूश होतील."
पेनाचं टोपण मी लावलं, काढलं.

पाणी प्यायला उठलेली इमोजेन
मांडीवर येऊन बसली. नुकतीच वाचायला लागलीय,
मीच शिकवलं.
एकेका अक्षरावर बोट सरकवत
रिकाम्या चौकटीपाशी थांबली:
"इथे काय लिहिलंय?"