तेलाचे डाग

हाउक्कारांताची धावपट्टी विकली गेली.
तिथं आता गोदाम होणार, दहा दारांचं.
आम्हाला मिळाली नव्वद किलोमीटरवर, किविसुओला,
नवी जागा, न गळणारं छप्पर
आणि पांढरी, आरशासारखी फरशी.

अकरा विमानं. उडणारं एकच.
बाकीच्यांचं बिऱ्हाड रस्त्यानं.

पंख उतरवायला आठ दिवस लागले.
ताइस्तो प्रत्येक स्क्रू जॅमच्या बरणीत टाकायचा
आणि बरणीवर चिठ्ठी:
प्युरी, डावा पंख, मुळाशी, वरची रांग.
अक्षर गिरवल्यासारखं.
चौऱ्याऐंशीचा माणूस, कप धरताना हात थरथरतो,
पाना धरला की थांबतो.
मी बरण्या मोजायचे. तीनशे बारा.
काहींच्या तळाशी अजून चिकट गोडवा होता
आणि त्यात अडकलेली मुंगी.

प्युरी म्हणजे भुरभुरणारा बर्फ. व्हीमा म्हणजे बोचरा वारा.
विमानांना अशी नावं ठेवणारी माणसं
भिऊन होती की फुशारकीत,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

फूगाच्या इंजिनाच्या तोंडात परीटपक्ष्यानं घरटं केलं होतं.
योन्ना, नवी व्यवस्थापक, तारखा घेऊन आली:
ट्रकचं भाडं, पोलिसांचा परवाना, पुलाची उंची.
ताइस्तो म्हणाला, हिचाही परवाना लागेल,
आणि बोट दाखवलं.
पाच अंडी.
फूगा तीन आठवडे थांबलं.
योन्नानं फोनवर कुणाला तरी सांगितलं,
तांत्रिक अडचण आहे.

प्युरी निघालं रात्री एक वाजता.
जूनमधली रात्र, नावापुरती. आभाळ ताकासारखं.
ट्रकवर हिल्प्पा, एरवी ती शाळेची बस चालवते,
म्हणून प्रत्येक वळणावर सवयीनं आरशात मागे बघते,
सगळी बसलीत ना.
गावातल्या चौकात सिग्नल लाल.
इकडून कुणी नाही, तिकडून कुणी नाही,
तरी आम्ही थांबलो.
पंख नसलेलं विमान लाल दिव्यासमोर
शहाण्यासारखं उभं.
सॉसेजच्या टपरीपाशी एकजण झोकांड्या देत होता.
त्यानं टोपी काढली, छातीशी धरली,
आणि हिरवा होईपर्यंत
अगदी सरळ उभा राहिला.

पहाटे व्हीमा आमच्या डोक्यावरून गेलं.
आम्हाला पाच तास लागले ती वाट
त्यानं चाळीस मिनिटांत संपवली.
हिल्प्पानं हॉर्न वाजवला. वर ऐकू गेला नसणार.

शेवटी फूगाही गेलं.
हँगरमध्ये ताइस्तोनं झाडू मारला.
विकलेली जागा कोण झाडतं?
मी दारात उभी राहून बघत होते:
काँक्रीटवर अकरा डाग,
पन्नास वर्षं थेंब थेंब मुरलेले.
प्युरीचा रुंद, एका बाजूला ओघळलेला.
व्हीमाचा जेमतेम बशीएवढा.
ग्लायडरचाही एक होता. त्याला तर इंजिनच नाही.
ताइस्तो म्हणाला, तो माझ्या कॉफीचा.

किविसुओला सगळा उन्हाळा पंख लावण्यात गेला.
बरण्या रिकाम्या होत गेल्या,
आणि शेवटी एक स्क्रू उरला.
कुठला, ते चिठ्ठीवर नव्हतं.
ताइस्तोनं तो उजेडात धरला, फुंकला, खिशात टाकला.
मी वहीत लिहिलं: सर्व जागेवर.

पण त्याचं बोलणं कमी झालं.
स्टुलावर बसायचा, दाराकडे तोंड करून.
दार इथं आवाज करत नाही.

ऑक्टोबरात प्युरीचं इंजिन पहिल्यांदा चालवलं.
दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या फरशीवर
एक थेंब, काळा, फुगीर.
योन्ना फडकं घेऊन धावली.
ताइस्तो तिच्या आधी पोचला, या वयात, कसा कोण जाणे.
थेंबावर बेतानं स्टूल ठेवलं,
चारी पाय थेंबाबाहेर,
आणि त्यावर बसला.
थर्मास उघडला.

योन्ना थोडा वेळ तशीच उभी राहिली.
मग फडक्याची घडी केली, पंखावर ठेवली,
आणि साखर शोधायला गेली.