अकरावं पान

पहाटे सव्वापाचला बस सुरू करायची.
इंजिन तापेपर्यंतची वीस मिनिटं माझी.
दुलूथमध्ये आज उणे एकोणीस.
पेनातली शाई गोठते म्हणून शिसपेन्सिल,
मांडीवर वही, उजव्या हाताचा मोजा दातात धरलेला,
डावा हात हीटरपाशी,
त्याची पाळी यायची असल्यासारखा.

गोष्ट एका बर्फाच्या नांगराची.
नांगर म्हणजे ट्रकच, पुढे लोखंडी पातं लावलेला.
रात्रभर नांगरतो, पेरत काहीच नाही.
नाव गस.
एप्रिल संपता संपता त्याला शेडमध्ये नेतात,
वर ताडपत्री घालतात,
आणि नोव्हेंबरात उठवतात.
उन्हाळा म्हणजे काय, गसला ठाऊक नाही.
ऐकीव माहिती एवढीच, की तेव्हा माणसं हळू चालतात.
बास. सातशे बारा शब्द.
सहा वर्षं लागली, कारण आधी ते चार हजार होते.

पूर्वी म्हणे पाकिटं यायची, साभार परत,
आपल्याच अक्षरात आपलाच पत्ता,
हातात घेताच वजनावरून कळायचं.
आता खिशात फोन थरथरतो, तोही नेमका
रेल्वे फाटकाशी, जिथे दार उघडून
दोन्ही बाजूंना कान द्यावा लागतो.
‘आपण विश्वासाने लेखन पाठवलंत, आभार.
आमच्या सध्याच्या यादीत मात्र…’
सध्याच्या. किती मायेचा शब्द.
एकेचाळीस वेळा सध्या.

एक म्हणाली, यंत्रांच्या गोष्टी फार झाल्या.
दुसऱ्याने कळवलं, यंत्र चालेल, पण मुलांना
यातून धडा काय मिळतो?
मी दोन दिवस विचार केला.
बर्फ पडतो. उचलावा लागतो. पुन्हा पडतो.
हे काही मी त्याला कळवलं नाही.

रविवारी बहिणीचा, आयलाचा फोन.
“अजून ते ट्रकचं चालूच आहे का गं?”
अशा आवाजात, की
अजून ते गुडघ्याचं चालूच आहे का.

शनिवारी वाचनालयात जाते.
मुलांच्या विभागात, बुटक्या खुर्च्यांमधून वाट काढत,
माझ्या आडनावाच्या खणापाशी बसते उकिडवी.
कोस्केला.
दोन पुस्तकांच्या मधे बोट घालून बघते.
जातं.
बत्तीस पानांचं पुस्तक बोटाहून बारीक असतं.
मग कुणी बघायच्या आत बोट काढून
भलतंच पुस्तक घेऊन घरी येते.

अठरावा थांबा: मालाकाय, दुसरी यत्ता.
त्याला बस लागते, म्हणून तो माझ्या मागच्याच सीटवर,
मांडीवर प्लास्टिकची बादली.
शाळेपर्यंत अकरा मिनिटं.
त्याचं लक्ष पोटावरून उडावं म्हणून
मी त्याला गोष्ट सांगते, पुढचा रस्ता बघत,
वळणावर थांबत, उतारावर थोडी भरभर.
शेवट असा होता तेव्हा,
मेकॅनिक ताडपत्रीचा कोपरा उचलतो,
आणि गसला उन्हाळा दिसतो. हिरवी झाडं वगैरे.

आरशात त्याचा चेहरा वाकडा झाला.
मला वाटलं, आता बादली.
“झाडं कशाला बघेल तो?
तो रस्ता बघेल. सगळा मोकळा.
म्हणेल, अरे! हे साफ कुणी केलं?”

त्या रात्री शेवट उचलून अकराव्या पानावर आणला.
तिथून पुढे नवीन गोष्ट झाली.
गस त्या माणसाला शोधत निघतो,
ज्याने एवढा रस्ता एकट्याने साफ केला,
त्याला त्याचे आभार मानायचे आहेत.

काल बेचाळिसावं उत्तर आलं, बॉस्टनहून.
तेच सध्या. तीच यादी.
पण खाली, सहीच्याही खाली, एक सुटी ओळ:
अकराव्या पानावर मोठ्याने हसले.

तीन थांबे मी ती ओळ कुणाला सांगितली नाही.
अठराव्याला मालाकाय चढला,
बादली ठेवली, पट्टा लावला.
सांगितलं त्याला. बॉस्टनची एक बाई तुझ्यामुळे हसली.
तो विचारात पडला.
“मग पुस्तक झालं?”
नाही.
“मग ती हसली कशाला?”

मागून कुणीतरी कुणाची टोपी फेकली.
मी आरशात बघून ओरडले,
आणि दिवा हिरवा झाला होता कधीचा,
मागचा माणूस हॉर्न वाजवत होता.