पुरं तिकीट

सानप मॅडमनी फळ्यावर लिहिलं :
हालचाल पडद्यावर असते, की आपल्यात?
शुक्रवारपर्यंत दोन पानं.

मी भद्रकालीत गेले, दगूनानांकडे.
एकतीस वर्षं मशीनवर. आता टॉकीजच्या जागी पार्किंग,
तिथंच पावत्या फाडतात.

"पट्टी सरकताना पातं आडवं येतं, पोरी.
तीन तासांच्या पिक्चरात
दीड तास लोक काळोखच बघायचे.
तिकीट पुरं घ्यायचो."

येताना गाडगे महाराज पुलावर थांबले.
रामकुंडाकडून एक दिवा आला, द्रोणात,
पुलाखाली गेला.
मी पलीकडच्या कठड्याशी पळाले, रिक्षा चुकवत.
मधल्या काळोखात तो
माझ्याच भरवशावर चालत होता.

पलीकडे निघालाच नाही.

शुक्रवार उलटला.
अजून चालतोय.